सापाचा बंदोबस्त

मागच्या धानाच्या बांधीतून अंगणातल्या गवतात विषारी मण्यार यायची. लेक रांगायला लागली, तसं आमगावच्या योगराजनं ते गवत मुळासकट काढलं आणि प्लास्टिकची हिरवळ अंथरली. दहा वर्षं सुकणार नाही, अशी वॉरंटीही मिळाली. एका कोपऱ्यात उंदरांनी कड उचलली, तेवढंच.

"कायले काढलं रे? गवतात साप दिसत तं होता," त्याची आई देवकाबाई म्हणाली.

"म्हणूनच तं काढलं, माय! महिना झाला, एक तरी साप दिसून राहिला का?"

"नाई बा."

योगराज समाधानानं चहा पिऊ लागला.

 

समोर हिरवळीवर लेक खिदळत बसली होती, आणि हिरवळीखालून सरकणाऱ्या लांबट उंचवट्यावर दोन्ही हातांनी थापट्या मारत होती.