टिपूस

कंपनीच्या गेटसमोर भजीची गाडी लावणाऱ्या कस्तुराला पक्का संशय होता, चाकण बाजारातला हिंदुरावशेठ पाणचट कांदा गळ्यात मारतोय. हल्ली कितीही चिरला तरी तिच्या डोळ्यांना पाणी येत नव्हतं. शेवटी सुरी घेऊन तिनं गाळा गाठला आणि त्याच्याच पोत्यातला कांदा त्याच्यासमोर चिरला. “बघा शेठ, टिपूस तरी हाय का डोळ्यांत?” शेठ रुमाल शोधत होता, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “मावशी, माल अस्सल आहे. आमच्या आईचंही तेच. डॉक्टर म्हणाले, वय झालं की डोळ्यांतल्या पाण्याच्या ग्रंथी सुकतात.” कस्तुराचा हात थांबला. गेल्या वर्षी नवरा गेला, तेव्हा तिनं टिपूस गाळला नाही म्हणून भावकी कुजबुजली होती. तेव्हापासून तिलाही स्वतःच्या मनाचा संशय येत होता. “शेठ,” तिनं हळूच विचारलं, “नक्की डोळेच सुकतात ना?”