वरचा मजला

समुद्राच्या वाऱ्यानं भिंतीच्या फळ्यांवर साचलेलं मीठ थोरला दर रविवारी गोड्या पाण्यानं धुवायचा. फक्त वरच्या मजल्याचं. खालचा मजला धाकट्याचा, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता.

“दादा, तुझं खारं पाणी आमच्या भिंतीवर उतरतंय!”

“मग हात मोडलेत का तुझे? धू की!”

धाकट्यानं हट्टानं हात लावला नाही. त्याची भिंत कुजायला लागली, तशा थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानं मुद्दाम सुताराला बोलावलं. “खालच्यांना ऐकू जाईल असं सांग, माझ्या फळ्या कशा आहेत?”

सुतारानं खालच्या खांबात पटाशी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली.

“तुमच्या फळ्या झकास आहेत, साहेब. खाली कोसळल्या तरी नव्याच दिसतील.”