दहाची अट

आईचे गुडघे पार गेले, म्हणून प्रादेशिक आराखड्यासाठी लोकसंख्येचे अंदाज बांधणारा मुलगा तिला शहरात न्यायला गावी आला. पिशवी भरून झाली, तरी ती खाटेवरून हलेना. दारात गावातले उरलेले नऊ म्हातारे उभे होते.

“मी गेले की नऊच दिसतील तुझ्या अंदाजात. दहाच्या खाली आकडा गेला की गावाची बस बंद. मग ही माणसं दवाखान्यात कशी जाणार?” आई म्हणाली. “तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या मेल्याने काढली रे ही दहाची अट?”

 

आईची बस वाचावी म्हणून साहेबांशी भांडून पन्नासाची अट दहावर आणणारा मुलगा पिशवी रिकामी करू लागला.