फाट्यावरचा कॅमेरा

पेनड्राइव्ह लावून निशाने पुन्हा लॅपटॉपचं बटण दाबलं, तरी पडदा काळाच. तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि बाबांनी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघितलं.

कोलूने पाहिलं होतं. तो दारातच उभा होता, खांद्यावर कुऱ्हाड. मागे अंगणात गावातली माणसं काठ्या आणि टिनाचे डबे घेऊन खोळंबली होती. काल पहाटे त्याची बायको, निशाची आई अन्नपूर्णा, मोहाची फुलं वेचायला गेली, ती घरी आलीच नव्हती.

नाल्यापाशी वाट फुटते. एक तलावाकडे जाते, दुसरी पहाडीवर. जंगलात पिल्लं असलेली वाघीण होती, त्यामुळे टोळी फोडायची नाही, हे सगळ्यांनी ठरवलं होतं. म्हणजे एकच वाट धरायची, आणि ती चुकली की दिवस गेला. पण फाट्यावर झाडाला वाघ मोजायचा कॅमेरा बांधलेला होता. अन्नपूर्णा तिथून गेली असेल तर तिचा फोटो निघालेलाच असणार. कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या रोशनने काल दुपारीच ते फोटो लॅपटॉपवर उतरवले, आणि नेहमीसारखं कार्ड पुसून परत कॅमेऱ्यात घातलं. रात्री लॅपटॉपचं विंडोज बंद पडलं. तेव्हापासून पडद्यावर नुसतं रिंगण फिरत होतं.

निशा भद्रावतीला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होती. तिच्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स होतं. लॅपटॉपच्या विंडोजला हात न लावता त्यावरून मशीन चालू करता येतं. एवढ्याशा काडीत अख्खा कॉम्प्युटर मावतो, हे रोशनला कालपर्यंत पटलं नसतं. आज तो त्या काडीकडे हात जोडल्यासारखा बघत होता.

"काऊन नाई होऊन राह्यलं?" त्याने हळूच विचारलं.

"थांबा न, रोशनभाऊ. पडद्याचा लफडा आहे." तिने मशीन सुरू करायच्या आज्ञेच्या ओळीत एक शब्द वाढवला आणि पुन्हा बटण दाबलं. अक्षरं धावली. निळा पडदा उजळला.

कोलू एका ढांगेत आत आला. "दिसली का? कोन्या बाजूनं गेली?" म्हणत तो टेबलावर वाकला, कोपर पेनड्राइव्हला लागलं, आणि सगळं जागच्या जागी गोठलं. लॅपटॉपचं ते भोक ढिलं होतं.

"बाबा! दूर व्हा न तिकडं!" निशा ओरडली. आयुष्यात ती बापावर अशी ओरडली नव्हती. कोलू भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि दोन्ही हात काखेत घालून घेतले, परत कशाला लागायला नकोत म्हणून.

निशाने डाव्या हाताने पेनड्राइव्ह दाबून धरला आणि उजव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. निळा पडदा आला. तिने लॅपटॉपच्या डिस्कवर टिचकी मारली. उत्तर आलं, विंडोज नीट बंद झालेलं नाही, डिस्क उघडता येणार नाही.

बाहेर कोणीतरी म्हणालं, "ऊन चढून राह्यलं, कोलूभाऊ. कोनती बी एक वाट धरू."

"पोरगी करून राह्यली न," कोलू बसल्या जागेवरून म्हणाला.

निशाची आज्ञा दोनदा चुकीची टाइप झाली. मग तिला सरांचं सांगणं आठवलं. उघडत नसेल तर लिहायचा हट्ट सोडायचा, नुसतं वाचायला मागायचं. तिने तसं मागितलं, आणि डिस्क उघडली.

"कालची तारीख," रोशनचा आवाज चिरकला. "हे. हेच."

हरीण. रानडुक्कर. पुन्हा हरीण. आणि मग उजाडत्या उजेडात डोक्यावर टोपली घेतलेली अन्नपूर्णा, अगदी फाट्याच्या मधोमध. कोलू उठला, पण टेबलापासून हातभर लांब थांबला.

निशाने पुढचा फोटो उघडला. आई कोणत्याच वाटेला लागली नव्हती. सरळ कॅमेऱ्याकडे येत होती, हातात जांभळाची डहाळी. त्याच्या पुढच्या फोटोत तिचा चेहरा पडदाभर होता, ओठ दाबून हसत होती. त्याच्याही पुढे नुसतं हिरवं पान.

"हे पान काऊन?" कोलूने विचारलं.

रोशन खाली मान घालून म्हणाला, "साऱ्या बाया कॅमेऱ्यावर डहाळी खोचतेत, भाऊ. मोह वेचताना लुगडं वर खोचलं राह्यते, फोटो माणसं पाह्यतेत, म्हून. घरी जाताना काढून टाकतेत. काल मात्र तशीच होती, मीच काढली."

निशा बटण दाबत राहिली. पुन्हा पान. थोड्या वेळाने, जास्त उजेडात, आणखी एकदा तेच पान.

"हे काऊन येऊन राह्यलं परत परत?" तिने विचारलं.

"समोरून काही गेल्याबिगर फोटो निघत नाई," रोशन म्हणाला.

कोलू टेबलाजवळ आला. काखेतला हात बाहेर काढून त्याने एक बोट अलगद पडद्याला लावलं, काही हलणार नाही इतक्या बेताने.

"निशा," तो म्हणाला, "हे पान जरासं बाजूले कर न, बाई."