एकाच नावाचे दोघे

"तेवढा अंगठा द्या मावशी, म्हणजे माझं काम झालं," लेखनिक म्हणाला. रस्त्याच्या धुळीने त्याचा घसा पार बसला होता. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून तो अंधाऱ्या खोलीत आला होता आणि भिंतीलगतच्या बाकावर टेकला होता.

रंगारीण नीळ ढवळत राहिली. लेखनिकांना घाई कशाची असते कोण जाणे. मेलेली माणसं काही पळून जात नाहीत.

"आधी वाचा. मला अक्षर येत नाही, पण कान शाबूत आहेत."

त्याने गुंडाळी उलगडली. वीस वर्षांपूर्वी प्रभूच्या नावासाठी जे मारले गेले, त्यांची यादी गावच्या ख्रिस्ती मंडळीने करायला घेतली होती. दरवर्षी ती सर्वांसमोर वाचायची होती. लेखनिक परगावचा, पण हे काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. मंडळीचे वडील, म्हणजे तिथले ज्येष्ठ पुढारी, त्याचं कौतुक सांगत होते.

बाकी नावं लागली होती, एकच अडलं होतं. सुभेदाराच्या दप्तरात एकाच नावाचे दोन तरुण होते. एकाने श्रद्धा सोडली नाही, त्याला जाळलं. दुसऱ्याने अकरा जणांची नावं सांगितली आणि सुटला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. बापाचं नाव लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती. नाव एका प्रेषिताचं, त्या नावाची पोरं तेव्हा पैशाला पासरी होती. या दोघांतला एक रंगारणीचा, दुसरा शेजारच्या पावाच्या भट्टीवालीचा.

"'जाळला तो रंगारणीचा मुलगा. पळाला तो भट्टीवालीचा,'" त्याने वाचलं. "बरोबर?"

"गल्लीत कुणालाही विचारा. हेच सांगतील."

सांगणारच. राखेत ओळखायला काही उरलं नव्हतं, पण रंगारणीने पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांगितलं होतं, हा माझा. तिच्या तोंडाला कोण लागणार? भट्टीवाली बिचारी नुसती रडली. तेव्हापासून प्रार्थनेला रंगारीण सगळ्यांत पुढे, आणि भट्टीवाली दाराबाहेर, वहाणांपाशी. तिच्या हातचा पाव मंडळीत कुणी खात नसे. तिच्या उंबऱ्यावर पहिली थुंकली ती रंगारीणच.

आता भट्टीवाली अंथरुणाला खिळली होती. मंडळीच्या जागेत पुरा, एवढंच तिचं मागणं होतं. यादी होऊ दे, मग बघू, असं मंडळीचे वडील म्हणाले होते.

"एवढंच लिहिलंत?" रंगारीण म्हणाली. "माझ्या लेकाला कसा नेला, ते कोण लिहिणार? भर दुपारी शिपाई आले. पुढचा चांगला रेड्यासारखा. दारातून आत आला तो थेट या रांजणात! गुडघ्यापर्यंत निळा. दाराआड जमिनीत पुरलाय ना, उन्हातून येणाऱ्याला दिसत नाही. लेकाच्या हातात बेड्या, तरी हसला हो माझा. नवखा माणूस पाय बुडवल्याशिवाय या घरात येतच नाही. मंडळीचे वडीलसुद्धा..."

तिच्या हातातली काठी थांबली.

"तुमचे पाय..."

"काय?"

"पाय धुवायला पाणी देऊ का म्हटलं."

"नको. कोरडे आहेत. धूळ आहे नुसती."

रंगारणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस म्हणजे तिला एक धुरकट सावली. त्या सावलीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"खोड ते," ती म्हणाली. "जाळला तो भट्टीवालीचा. पळाला तो माझा. लिही."

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? वीस वर्षं तुम्ही..."

"वीस वर्षं चुकले. लिही."

"दाराबाहेर बसवतील तुम्हाला. पोरं दगड मारतील."

"मारू देत. म्हातारी हाडं आहेत, आवाज तरी खणखणीत येईल."

"अहो, मेलेल्या लेकाच्या तोंडाला काळं फासताय!"

"ते त्याचं त्यानेच फासलंय."

लेखनिक हळूच म्हणाला, "मंडळीचे वडील पुरावा मागतील."

"देते की. आधी लिही."

बोरू कागदावर बराच वेळ फिरला नाही. मग कुरकुरला. रंगारणीने अंगठा उमटवला. त्याला शाई लावावी लागली नाही. तो जन्माचा निळा होता.

"काय लिहिलंस ते मला कळायचं नाही," ती उठत म्हणाली. "हात दे. शेजारी जायचंय."

त्याने हात पुढे केला. तिने मनगट धरलं.

भट्टीवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या घरात रंगारीण वीस वर्षांनी पाऊल टाकत होती.

"अगं ए, ऐकतेस का? जाळला तो तुझा होता. यादीत तुझ्या लेकाचं नाव लागायला हवं. तू आत, मी बाहेर."

भट्टीवाली महत्प्रयासाने कुशीवर वळली. "मरतेवेळी तरी थट्टा करू नकोस गं," ती म्हणाली. "आणि आज कुणी सांगितलं तुला?"

लेखनिक हात सोडवायला बघत होता. रंगारणीने मनगट आणखी आवळलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "रांजणाला वळसा घालून माझा आज घरी आला."