फोटोच्या टायमाले

मनकर्णाबाई बोटीत बसत नव्हती. टेकाडाचा चटईएवढा तुकडा उरला होता, चारी बाजूंनी प्राणहितेचं पाणी. ती त्यावर मांडी घालून बसलेली. सून सत्यशीला लेकरू खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी. सासू चढल्याशिवाय मी चढत नाही, म्हणत होती.

लष्कराचा हवालदार पंजाबकडचा. त्याला वाटलं, बाई वर्दीला भ्याली. त्यानं टोपी काढली, हात जोडले, माँजी माँजी केलं. बाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. पाणी सुनेच्या मांड्यांना लागलं. बोटीतले गावकरी म्हातारीला शिव्या देऊ लागले. स्वतः मरतेस ते मर, आम्हाला काऊन बुडवतेस?

बोटीच्या टोकाला देवराव बसला होता. अहेरीचा स्टुडिओवाला, मदतकार्याचे फोटो काढायला सरकारनं धाडलेला. शहाऐंशीच्या त्या पुराचे त्याच्याकडं पुष्कळ फोटो आहेत. लोक अजून मागून पाहतात. या टेकाडाचा एकही नाही.

त्यानं कॅमेरा उचलला, तशी बाई बोलली.

"फोटोवाले भाऊ, उन्हाळ्यात माह्या पत्रूचा फोटो तूच काढला ना?"

काढला होता. लग्नाबारशाचे फोटो काढणारा माणूस, पोलिसांनी बोलावलं की मुडद्यांचेही काढायचा. बाईचा लेक पत्रू तेंदूपत्ता तोडून घरी येत होता. पेपरात आलं, चकमकीत नक्षलवादी ठार. फोटोत त्याच्या हाताशी बंदूक होती. मेलेल्याला काय, कशाशेजारीही निजवा. तो नाही म्हणत नाही.

"मंग येवढंच सांग. बंदूक आधीपासून होती, का फोटोच्या टायमाले आली?"

गावकरी देवरावकडं वळले. देवरावच्या शेजारी, वाट दाखवायला घेतलेला इसरू पोलीस बसला होता. बंदूक त्यानंच जीपमधून आणून ठेवली होती. आता त्याचा गुडघा देवरावच्या गुडघ्याला टेकला. टेकूनच राहिला.

सत्यशीला कमरेपर्यंत बुडाली. लेकरू रडायचंही थांबलं.

"फोटोच्या टायमाले," देवराव म्हणाला.

"मोठ्यानं सांग भाऊ. गावाले आयकू दे."

त्यानं मोठ्यानं सांगितलं.

मनकर्णाबाई उठली. लुगडं खोचलं. "चला आता. बंदूकवाल्याची माय मनून मले जीव नोता वाचवाचा."

ती चढली, सून चढली. बोट काठापर्यंत पाण्यात दबली. हवालदार खूश झाला. मराठीचं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं. देवरावच्या पाठीवर थाप मारून त्यानं विचारलं, "शाबाश! क्या बोला तूने?"

देवराव तोंड उघडणार, तोच इसरू हसून म्हणाला, "इसने बोला साब, 'बोट में जगह कम है, मैं उतर जाता हूँ.'"