दीपिकाला उत्तर

सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला इस्तारी सरांनी उत्तर दिलं नव्हतं आणि ते त्यांना अजून टोचत होतं. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची त्यांची जुनी विद्यार्थिनी, दीपिका उसेंडी, हिनं विचारलं होतं, "सर, ग्रंथालयशास्त्राला नाव घातलं आहे. हेच शिकू, की सोडून तलाठ्याची परीक्षा देऊ?" आरमोरीच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून पुस्तकांना नंबर घालण्यात जन्म गेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या लेकराला वाट काय दाखवायची? सरांनी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. मग ते निवृत्तच झाले.

परवा सहज कॉलेजच्या ग्रंथालयात डोकावले, तर ग्रंथपालाच्या खुर्चीत दीपिकाच!

"बाई, तुझ्या पत्राचं उत्तर... माझ्याच्यानं झालंच नाई," सर कसेबसे म्हणाले.

"म्हणून तर इथी बसली मी!" ती हसली. "पावसाळ्यात नाल्याले पूर राहे, आम्हाले पुस्तक वापस कराले येता येत नव्हतं. तवा तुम्हीच सांगत होते, तारीख सरली अन् माझा निरोप नाई आला, तर मुदत वाढली समजा अन् वाचत राहा. तुमचा निरोप नाई आला सर, मंग मी शिकत राह्यली."

सर बाहेर पडले. तिथून थेट पोस्टात गेले, एक कार्ड घेतलं, उभ्या उभ्या एकच ओळ लिहिली आणि पेटीत टाकलं.



"चि. दीपिका, तुझी मुदत निवृत्तीपर्यंत वाढवली आहे."